हिरवं मशीन, पिवळा चार्जर

टूल्सचं दुकान चालवणाऱ्याला करमणुकीसाठी दुसरं काही बघावं लागत नाही. कर्जतला माझं दुकान आहे, आणि बॅटरीवरची मशीनं ठेवायला लागल्यापासून तर किश्शांचा नुसता ढीग झालाय. गिऱ्हाईक ड्रिल घेऊन जातं, किस्सा माझ्याकडे ठेवून जातं.

*

परवा एक फार्महाउसवाले साहेब आले. त्यांना दुकानातलं सगळ्यात दांडगं ड्रिल हवं होतं. हातात तोलून म्हणाले, वजन चांगलं आहे. काम काय, विचारलं, तर लग्नातला फोटो भिंतीला लावायचा होता.

"साहेब, याने भोक पाडलंत तर फोटो पलीकडच्या खोलीतूनही दिसेल!"

मग त्यांनी छोटं घेतलं.

*

आमच्याकडचे सुतार मशीन निवडतात ते रंगावरून. हसू नका, त्यात शहाणपण आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. म्हणून ज्यांच्याबरोबर काम, त्यांच्याच रंगाचं मशीन घ्यायचं, म्हणजे ऐन वेळी बॅटरी उसनी मिळते.

बबन सुताराने हिरवं घेतलं. त्याचं आणि धाकट्या भावाचं, विलासचं, देवळाच्या दरवाजाच्या कामावरून बोलणं बंद. नंतर विलास आला तो दारातूनच म्हणाला, "हिरवं सोडून कुठलंबी दाव."

पिवळं घेऊन गेला.

*

गेल्या वर्षी खंडेनवमीला बबनने हत्यारांची साग्रसंगीत पूजा केली. रंधा, पटाशी, करवत, ड्रिल. बॅटरीलाही हळदकुंकू, तेही नेमकं पितळी पट्ट्यांवर! दुसऱ्या दिवशी मशीन गप्प. वॉरंटी मागायला आला तेव्हा बॅटरीला झेंडूची पाकळी अजून चिकटलेली होती. मी ब्रशने साफ करून दिली. यंदा त्याने फक्त खोक्याची पूजा केली.

*

उन्हाळ्यात बॅटरी तापली की चार्ज होत नाही, जरा निवू द्यावी लागते. बबनला एवढा धीर कुठला! त्याने ती फ्रीजमध्ये ठेवली. वहिनी दुकानात येऊन मलाच दम देऊन गेल्या, की यांना काही शिकवत जाऊ नका, माझ्या दह्याला पॉलिशचा वास येतोय.

*

विलास आता ठाकुरवाडीला सासुरवाडीत राहतो आणि छपरांची कामं घेतो. तिथे लाइटीचा भरवसा नाही, म्हणून बॅटऱ्या माझ्या दुकानात चार्ज करून नेतो. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. एका गुरुवारी तो बॅटऱ्या घेऊन घाट उतरून आला आणि कुलूप बघून परत गेला. छप्पर अर्धं उघडंच राहिलं. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देईन, असं घरमालकाने सुनावलं.

हे तो मला सांगत होता तेव्हा बबन कोपऱ्यात स्क्रू चाळत उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं, पण भावाभावांच्या मध्ये मी काय बोलणार?

संध्याकाळी बबन परत आला आणि त्याने पिवळ्या कंपनीचा चार्जर मागितला.

"अरे, तुझं मशीन हिरवं."

"मला ठाव हाय." त्याने चार्जर पिशवीत टाकला. "तुज्या शटरवर लिव, गुरवारी बॅटरी चार्जिंग बबन सुताराकडं."

"विलासला सांगू?"

"नको रं. त्याला वाचता येतंय."