माझ्या हातचा पाळणा

रिटायर झाल्यावर मला सुतारकामाची हौस लागली आणि पहिलीच वस्तू म्हणून मी नातीचा पाळणा करायला घेतला. पाट नाही, स्टूल नाही, थेट पाळणा. "आवो, कळमनुरीच्या बाजारात इकत भेटतो की," बायको म्हणाली. पण हौसेला मोल नसतं. कागदावर चित्र काढलं, शेतातल्या निंबाच्या फळ्या पुऱ्या वाळायच्या आधीच कापल्या, चार बाजू जोडल्या आणि तळाची फळी खालून खिळ्यांनी ठोकली. बाजूच्या फळ्यांना भोकं पाडून दोर ओवले. दिसायला पाळणा झकास झाला होता.

बारशाच्या सकाळी तो छताच्या कडीला टांगला आणि तेव्हा मनात आलं, आधी स्टूल करायला हवं होतं. स्टूल मोडलं तर लोक हसतात, तेवढंच.

आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. बायकोने त्याला कुंची घातली, काजळ लावलं आणि पाळण्यात ठेवला. पाळणा एकदा झुलला आणि करकरला. मी वाकून पाहिलं. तळाची फळी एका बाजूने सुटत आली होती, फटीत खिळा दिसत होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोर बाजूच्या फळ्यांना, आणि लेकराचं सगळं वजन नुसत्या खिळ्यांवर. मुलीने तोवर बाळ उचललंही होतं.

"थांबा," मी म्हणालो.

"बारशात मधीच काहून थांबायचं?" विहीणबाई म्हणाल्या. "अपशकुन करून राहिले का?"

"तळ सुटून राहिला. लेकरू ठेवू नका."

मुलगी बाळाला छातीशी धरून मागे सरकली. "बाबा, तुमी बराबर बांधा. आमी थांबतो."

मी गोठ्यातला नाडा, बैलाचा जाड दोर, आणला, तळाखालून वेढे घेऊन वर कडीला आवळला. वरवंटा पुन्हा ठेवला. रीत नव्हती, तरी जोडीला पाटाही ठेवला. फळी हलली नाही.

मग ते काढून नातीला निजवलं. बायकांनी गाणं धरलं. मुलीने दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग खाली वाकून पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हात काढा आता. पाळणा हलून न्हाई राहिला."

माझे दोन्ही तळवे फळीखाली होते. मी एक काढला.