गॅलरीखालचं काळं

जळगावात मी बंगल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर करते. घर बांधण्याआधी ते बाहेरून कसं दिसेल, ते दाखवणारी. गेल्या मे महिन्यात असोद्याचे एक केळीवाले शेतकरी आपल्या घराचं चित्र बघायला आले. सूर्य मी दुपार कलल्यावरचा धरला होता. त्यामुळे गॅलरीखाली दाट सावली पडली होती आणि तिच्या जोरावरच समोरची भिंत उजळून पुढे आली होती.

"हे काळं-काळं काय दाखवलं, ताई? घराले ओल लागल्यासारखी दिसते. पुसून टाका."

"नाना, ती सावली आहे."

"असू द्या. नवं घर कसं लख्ख पाहिजे!"

डोकं तापलं, पण काढली मी सावली. घर लग्नाच्या मंडपातल्या पुठ्ठ्याच्या कमानीसारखं सपाट झालं. नाना खूश होऊन खाली उतरले.

खिडकीतून पाहिलं, तर तोवर त्यांच्या मोटरसायकलवर ऊन आलं होतं. सीटला लावलेला हात त्यांनी झटकन मागे घेतला. मग गाडी ढकलत आमच्या बिल्डिंगच्या सावलीत नेली आणि सीट निवेपर्यंत तिथेच उभे राहिले.

मी परत टेबलाशी बसले. सावली होती तिथे आणली, उलट आणखी गडद केली आणि तिच्यात एक मोटरसायकल उभी केली.

पुढच्या खेपेला नानांनी चित्र बराच वेळ निरखलं.

"आता बरोबर," ते म्हणाले. "गाडी जागेवर लावली."