आंगनापासून पुन्हा

सालेकशाच्या प्लॅटफॉर्मवर बाबा माझ्या पेटीवर हात ठेवून उभे होते, माय पदर दाताखाली धरून होती, आणि भाऊ, तू माझं मनगट धरलं होतंस. मी मामाजींकडे गोंदियाला शिकायला निघालो होतो. एकटा. गाडी आली, इंजिन धडधडत समोरून गेलं, आणि मी भ्यायचं विसरलो. मग आठवलं तसे डोळे मिटून घेतले. तुझी पकड आणखी घट्ट झाली.

त्या मिटलेल्या डोळ्यांबद्दल आज लिहितो आहे. तुझ्यासाठी, आणि आपल्या गावातून जे जे निघाले त्यांच्यासाठीही. असं काहीतरी पोटात घेऊन निघालेला मी एकटाच नसेन.

सुरुवातीला भीती खरी होती. मी पाच-सहा वर्षांचा असताना आपला गोऱ्हा रुळावर गेला, गाडीखाली सापडला. त्याचं दावं माझ्या हातात होतं. ते तसंच हातात राहिलं. तेव्हापासून शिटी ऐकली की मी धानाच्या ढोलीमागे जाऊन बसायचो. चड्डी ओली व्हायची. गावची शाळा चौथीपर्यंत. तू चौथी पास होऊन घरी बसला होतास, कारण बाबांना आपल्या दोघांना गोंदियाला संगंच धाडायचं होतं. "एकटा गेला तं पाहुना होते, दोघं गेले तं घर होते," ते म्हणत. आणि मला उचलून गाडीत टाकायला ते तयार नव्हते.

मग त्यांनी ते सुरू केलं. आधी नुसतं आंगणात उभं राहायचं, शिटी ऐकायची. "कानावर हात ठेवू नको, माह्या हातावर ठेव." मग मोहाच्या झाडापर्यंत. मग बांधावर. मग रुळाजवळच्या फाटकापाशी. रोज निघताना एकच विचारत, "आज किती?" मी म्हणेन तेवढंच. मी म्हटलं वापस, की वापस. गाडी येताना ते हळूहळू सांगत जायचे: आता धूर दिसन, आता जमीन हालन, आता शेवटचा डब्बा, त्याच्यात गार्ड. "त्याले हात दाखव. तोही कोनाचा तं बाप असन."

पण मला त्यांचा संशय यायला लागला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची बाहुली निघाली. गावभरची रोगराई तिच्या गळ्यात घालून तिला शिवेबाहेर फेकून देतात, आणि आपली शीव म्हणजे तेच फाटक. माय दारात उभी राहून ओरडली, "धाकट्याचा भेव घेऊन जा गे मारबत!" मी पाहिलं, मारबत त्याच वाटेनं चालली होती. आंगण, मोहाचं झाड, बांध, फाटक. शिवेबाहेर टाकलेलं परत येत नाही हे मला माहीत होतं. बाबा मला त्याच वाटेनं रोज थोडं थोडं नेत होते.

त्यानंतर घरात काहीही सरळ वाटेना. मायनं गुळाचा खडा जास्त दिला, का? मामाजी आले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले, का? बाबा न चिडता चालतात, कायले? बापाला इतका धीर असतो का कुठं!

होळीच्या सुमारास एक दिवस फाटकापाशी मी हात हलवला आणि गार्डानं हिरवी झेंडी माझ्यासाठी हलवली. मी हसलो, उड्या मारल्या. भीती गेली, भाऊ. त्या दिवशीच गेली. घरी येतो तर माय परसात काकूला सांगत होती, "याचा भेव गेला का धाडून देनार दोघाईले." मला वाटलं, चोर सापडला. मी ठरवलं, भेव जाऊ द्यायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली मी थरथरलो. तिथंच बसलो. बाबा थोडा वेळ रुळाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझी चड्डी झटकली आणि म्हणाले, "चाल. आंगनापासून पुन्हा लावू."

आणि खरंच त्यांनी आंगणापासून लावलं.

तू मात्र ओळखलंस. "बाबा, हा ढोंग करून राहिला! काल एकटाच फाटकावर बसून गाडी पाहून राहिला होता, दात काढून!" बाबांनी तुझ्या मुस्काटात मारली. "भेनाऱ्याले खोटा म्हनत नसतात." तू गालावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलंस. मी बाबांच्या धोतरामागे होतो. तू खरं बोलला होतास. त्यानंतर तूही बाबांचंच खरं धरलंस.

जूनमध्ये शाळा उघडल्या. आपण गेलो नाही. त्याच पावसाळ्यात बाबांच्या पायावर कुऱ्हाड पडली आणि चिखलणीला तू उतरलास, तो कायमचाच. बारा वर्षांचा होतास. पुढच्या साली मामाजी म्हणाले, एकाला तरी पाठवा. बाबांनी लंगडत येऊन विचारलं, "आज किती?" तुला बैलांमागे पाहवत नव्हतं म्हणून मी म्हटलं, "गोंदियापर्यंत."

तिथं मामीचं "खा लो, बेटा" ऐकलं तरी भाताच्या ताटात काय दडलं आहे ते शोधत बसायचो. पुढं भिलाई. शिफ्ट, क्वार्टर, प्रॉव्हिडंट फंड. बत्ती, फाटक हे शब्द इथली हिंदी बोलणारी माणसं म्हणतात तसेच आपल्या गावचीही म्हणायची, तरी मी सगळीकडे पाहुणाच. तू दरसाल नव्या तांदळाचं पोतं पाठवतोस. खरं सांगतो, त्याचाही मी संशय घेतला. भाऊ मला काही सुचवतो आहे का? त्याला कळलं आहे का?

इतकी वर्षं बोललो नाही ते आता का? माझी लेक लता कारखान्याच्या भोंग्याला भिते. मी तिला बाबांसारखाच घेऊन निघालो. आधी व्हरांडा, मग गल्ली, मग चौक. परवा ती गल्लीतच बसली आणि माझ्या तोंडून निघालं, "नाटकं करू नकोस." ती ढोंग करत नव्हती. तिचे ओठ निळे पडले होते. ज्याला ढोंग माहीत होतं त्यानं खऱ्या भीतीला खोटं म्हटलं. आणि ज्याला मी फसवलं त्या बापानं एकदाही म्हटलं नव्हतं. मी तिला उचललं नाही. शेजारी खाली बसलो. मग आम्ही व्हरांड्यापासून पुन्हा लावलं.

आमची गाडी सालेकशावरूनच जाते. घर म्हणजे मला ते कौलारू छप्पर आठवत नाही. प्लॅटफॉर्मवर तू उभा असतोस, केस पांढरे झालेले, आणि मी परत निघताना इंजिन दिसलं की आजही माझं मनगट धरतोस. धाकटा भितो म्हणून. मी धरू देतो.

पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा मी डोळे उघडे ठेवीन. हे वाचून झाल्यावर मनगट धरायचं की नाही, ते तू ठरव, भाऊ. तू म्हणशील तेवढंच.