ड्रोन माझ्या बांधीवरून गेला, पण थेंब नाही सांडला

मित्रांनो, आज दुपारपासून माझ्या पोटात दुखून राहिलं आहे, आणि ते जेवणामुळे नाही.

आमगावजवळ माझी आणि चुलतभाऊ हेमराजची धानाची शेती लागून आहे. त्याच्या धानावर तुडतुडे पडले म्हणून आज फवारणीचा ड्रोन आला. अख्खं गाव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जमलं. ड्रोन चालवणाऱ्या ताईने मोबाईलच्या नकाशावर फक्त रोगट जागांवरून रेघा ओढल्या. तिथे पोचायची सगळ्यात जवळची वाट माझ्या बांधीवरून, माझ्या धानाच्या तुकड्यावरून होती.

मी म्हणालो, "ताई, जाता जाता माझ्याही धानावर मारून द्या ना थोडं."

"कायले काका? तुमच्या धानाले काहीच झालं नाही. औषध अन् बॅटरी दोन्ही वाया जातील."

ड्रोन माझ्या डोक्यावरून निघून गेला. तिकडे हेमराज लोकांच्या मधोमध छाती फुगवून उभा!

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याचा धान बिमार आहे अन् तुम्ही जळून राहिले? जा, त्याचे तुडतुडे मागून आणा!"

हसू आलं, पण जळफळाट गेला नाही. हेमराजने ड्रोनसोबतचा फोटो टाकला आहे. मी अजून लाईक केला नाही.

खरं सांगा, दुसऱ्याच्या दुखण्याचा असा हेवा तुम्हाला कधी वाटला का?