उणे सहा पुरणपोळ्या

मंडळी, आज दुपारी आईसमोर माझं लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे आहे तेवढ्या साधनांत जास्तीत जास्त फायदा काढायचं गणित, तोंडावर आपटलं.

वाडीत आमच्या घरी आई भाकरवडी आणि पुरणपोळी करून विकते. हात दोन, शेगड्याही दोनच. कशाचं किती केलं तर फायदा जास्त, हे मी कॉलेजात शिकवलेल्या, समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं. उत्तर आलं, पुरणपोळ्या उणे सहा.

आई म्हणाली, "म्हणजे लोकांनी खाल्लेल्या परत आणू?"

आकडा शून्याखाली जाऊ नये, ही अट लिहायलाच मी विसरलो होतो. ती घातली. आता म्हणे पुरणपोळ्या शून्य, नुसत्या भाकरवड्या करा.

"आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बा? दात नाहीत त्यांना. रोज दोन पोळ्या जातात त्यांच्याकडे."

मग तीही अट घातली, पोळ्या किमान दोन. सॉफ्टवेअरने लगेच दाखवलं, एका पोळीपायी आठ भाकरवड्या कमी होतात.

"माहीत आहे मला," आई पीठ मळता मळता म्हणाली. "तू दोन लिही."

लिहिलं. ती ओळ मी आता काढणार नाही, फायदा कितीही वाढू दे.

तुमच्या घरी अशी कोणती अट आहे, जी महाग पडते हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी काढत नाही?