घाडी हवालदारांच्या मागोमाग लिऑनमध्ये

आमच्या ह्यांची पाठ मला जेवढी माहीत आहे तेवढा चेहरा माहीत नाही. हसू नका, खरं तेच सांगते. लग्न होऊन मी मालवणहून आले, परळच्या डेपोत एसटीतून उतरले, आणि हे जे माझ्या पुढे चालायला लागले ते कायमचेच. नवी नवरी मागे ट्रंक सावरतेय, साडीत पाय अडकतोय, आणि नवरदेव झपाझप नायगावच्या दिशेने! मी त्या पाठीवर नजर ठेवून चाळीत पोचले. ती पाठ चुकली असती तर कुणाच्या घरात माप ओलांडलं असतं, देव जाणे.

हे म्हणजे रघुनाथ घाडी, निवृत्त हवालदार. अंगाने आडवे, मिशी अजून काळी, म्हणजे केलेली. गणपतीत लालबागच्या बंदोबस्ताला उभे राहून राहून ह्यांचा उजवा हात कायम बाहेर काढलेला. "चला, वाट द्या, वाट द्या." रिकाम्या जिन्यातसुद्धा तेच. बोलणार तेही पुढे तोंड करूनच. "अगो, कोथिंबीर घ्यायची ना?" असं पाठ विचारायची आणि मी मागून "हो" म्हणायचं. इतकी वर्षं झाली, एकदा म्हणून मान वळवली नाही.

माणूस वाईट नाही हो. पगार हातात आणून दिला, दारूला शिवले नाहीत, मला टायफॉइड झाला तेव्हा डाळभात स्वतः शिजवला आणि तो इतका वाईट होता की मी भीतीने बरी झाले. पण मला एकदा, डोळे मिटायच्या आधी, ह्या माणसाच्या शेजारून चालायचं होतं. मागून नव्हे, शेजारून. बाकी काही मागणं नव्हतं माझं. शेजारच्या गंगुबाईला हे बोलले तर ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "काय गो सुचित्रा, साठी उलटली नि आता तुला हिरोइन व्हायचंय?"

"हो, व्हायचंय," मी म्हटलं. "तुझं काय जातंय?"

आमची लेक अनुजा फ्रान्सात असते, लिऑन म्हणून शहर आहे तिथे. आमची चाळ पाडायला घेतली, टॉवर होईस्तोवर आम्ही नि गंगुबाई तिथेच नायगावात भाड्याच्या खोल्यांत. अनुजा म्हणाली, तिथे धूळ खात बसण्यापेक्षा इकडे या. मी विमानातच ठरवलं. तिथे फूटपाथ रुंद असणार, ओळखीचं कुत्रं नसणार, लाजायचं कारण नाही. लिऑनमध्ये ह्यांना शेजारी आणायचंच.

अनुजा आणि जावई विनीत सकाळी ऑफिसला गेले की आम्ही दोघं फिरायला मोकळे. पहिल्या दिवशी खाली उतरलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ह्यांचा हात बाहेर! "चला, चला." एक कबूतर होतं, ते बिचारं बाजूला झालं. मी भरभर चालून गाठायला गेले तर हे आणखी भरभर. दुसऱ्या दिवशी सरळ धावत जाऊन कोपर धरलं. हे घाबरले. "काय झालं? चक्कर येतेय?" म्हणून मला बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि तळपायाला हात लावून बघितला. चार तरुण पोरी आमच्याकडे बघत होत्या. मेलं ते प्रेम!

मग मी म्हटलं, जा पुढे. माझं काय अडलंय? आणि खरं सांगू, मागे चालणाऱ्याला फार काही दिसतं. ह्यांना फक्त पुढचा चौक दिसत होता, मला मधलं सगळं दिसत होतं.

पावाच्या दुकानातून माणसं हातभर लांब पाव काखेत मारून निघतात आणि दोन पावलं गेली की हळूच त्याचं टोक मोडून खातात. कोटटाय घातलेला साहेबसुद्धा! घरी पोचेपर्यंत पाव टोकाशिवायचा. आमच्याकडे पोरांनी वडापावच्या पुडीतला चुरा असाच संपवलेला असतो. चीजचं एक दुकान होतं, त्याच्या दारात उभी राहिले तर असा वास की मला शीव कोळीवाड्यातली सुकटीची टोपलीच आठवली. चांगल्या बायका, अत्तर लावलेल्या, त्याच वासात रांग लावून उभ्या. मला इतकं बरं वाटलं. आमचा बांगडा शिजला की नाक मुरडणाऱ्या सगळ्यांना एकदा तिथे नेऊन उभं करायला पाहिजे.

दुकानात शिरायचं तर आधी "बोंज्यूर" म्हणायचं. नाही म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघतच नाही. मी काही घ्यायचं नसलं तरी शिरायचे, "बोंज्यूर" म्हणायचे आणि बाहेर यायचे. फुकटची मजा. एका दाराला कडीऐवजी पितळेचा बाईचा हात होता, बोटात अंगठीसुद्धा. मी त्या हाताला हात मिळवला. पुढून पाठ म्हणाली, "अगो, इथे नळाला पाणी चोवीस तास येतं वाटतं." मी म्हटलं, "हो."

एके दिवशी आम्ही टेकडीवरच्या भागात गेलो. तिथे पूर्वी रेशीम विणणारे कामगार राहायचे असं विनीतने सांगितलं होतं. म्हणजे त्यांचं गिरणगावच की. उंच उंच इमारती, अरुंद गल्ल्या. हे नेहमीसारखे पुढे. एका इमारतीचं दार उघडून एक बाई पिशवी घेऊन बाहेर आली आणि दाराच्या फटीतून मला आत बोळ दिसला. बोळ, मग चौक, मग जिना, आणि पार पलीकडे दुसरा रस्ता! लोक खुशाल एका रस्त्यावरून इमारतीच्या पोटात शिरून दुसऱ्या रस्त्यावर निघत होते. मला हसूच फुटलं. अहो, चाळीतली माणसं आम्ही, आम्हाला हे शिकवावं लागतं काय? नायगावात कोण बाहेरून वळसा घालून जातं? सतरा नंबरच्या चाळीतून आत, मागच्या जिन्याने बाहेर.

मी एकदा ह्यांच्या पाठीकडे बघितलं. पाठ कसलं तरी व्याख्यान देत होती, डिझेलच्या भावाबद्दल असावं. आणि माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी सरळ त्या दारातून आत गेले.

आत गारवा होता. दगडी जिना, वर गॅलऱ्या, एका गॅलरीत वाळत घातलेली उशी. पायऱ्या उतरून बाहेर आले तो खालच्याच रस्त्यावर, आणि हे अजून वरच्या वळणाला! कोपऱ्यावर हॉटेलवाल्याने बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर मी झाडाआड ऐटीत बसले आणि जन्मात पहिल्यांदा माझा नवरा समोरून चालत येताना बघितला.

आले. हात बाहेर, तोंड चालू. मागे मी नाही, एक फ्रेंच म्हातारी, हातात छोटं कुत्रं. हे तिला मराठीत सांगत होते, "तो सोसायटीचा सेक्रेटरी, मी आधीपासून सांगतोय, माणूस ठीक नाही." म्हातारी मान डोलावत होती. मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबला. हे चौकाशी आले, रस्त्यात उतरले आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हात दाखवला. फ्रान्सातल्या गाड्या हो! थांबल्या सगळ्या. "चल, ये," पाठ म्हणाली. म्हातारी रुबाबात रस्ता ओलांडून गेली आणि वळून म्हणाली, "मेर्सी, मस्यू!"

तेव्हा ह्यांनी मान वळवली.

मला वाटलं होतं भडकतील. तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. रंगच उडाला. रस्त्याच्या मधोमध उभे, हात तसाच, गाड्या खोळंबलेल्या. मग उलटे पळत सुटले. ह्या वयात, त्या गुडघ्यांनी, चढावर! एका दुकानाच्या काचेला तोंड लावून आत बघितलं, मागे फिरले, "सुचित्रा!" म्हणून ओरडले. घरात "अगो" शिवाय दुसरा शब्द नाही, आणि इथे माझं नाव भर रस्त्यात, तेही फाटक्या आवाजात.

माझं हसू गेलं कुठच्या कुठे. "अहो!" मी उठून ओरडले. "इथे आहे मी!"

आले, आणि माझ्या पायाशी, फूटपाथच्या कडेलाच बसले. धाप लागली होती. मी म्हटलं, आता बोलतील, मला शिव्या घालतील. मी तयारच होते, माझीही बरीच वर्षांची शिल्लक होती. तर हे माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बूट काढ."

"बूट?" अनुजाने मला रबरी तळाचे पांढरे बूट घेतले होते, दगडी रस्त्यावर पाय मुरगळू नये म्हणून. साडीखाली ध्यान दिसायचं, पण मऊ होते.

"आवाज येत नाही त्यांचा," हे म्हणाले. "तुझ्या चपलेचा येतो. फट्‌ फट्‌. मी तेवढ्यावरच चालतो ना. थांबला की थांबतो. इथे आल्यापासून काही ऐकू येत नाही. तू काल 'हो' म्हणालीस तेव्हा कळलं की आहेस."

हिंदमात्याला साडीच्या दुकानासमोर मी रेंगाळायचे तेव्हा पुढे ही पाठ नेहमी थांबलेली असायची. मला वाटायचं, ट्रॅफिक बघतायत. मेला हवालदार, ड्युटी संपली तरी सुटत नाही, असं मनात म्हणायचे. आणि हा माणूस तिथे उभा राहून माझी चप्पल ऐकत होता! मला राग आला, रडू आलं, सगळं एकदमच आलं. मी म्हटलं, "मग वळून बघायला काय झालं होतं हो? मान मोडली असती?"

"सुचलं नाही," हे म्हणाले. खरंच सुचलं नसणार. खोटं बोलायची अक्कल ह्यांना नाही.

"बूट काढणार नाही," मी म्हटलं. "मऊ आहेत. तुम्हीच शेजारून चाला. नाहीतर मी पुन्हा हरवेन, सांगून ठेवते."

चालले. पहिले दोन दिवस सारखं अर्धं पाऊल पुढे जायचे, मग थबकायचे, मागे यायचे. पण मधलं सगळं ह्यांना दिसायला लागलं. एका इमारतीच्या भिंतीवर दुसरी अख्खी गल्ली रंगवलीय, खिडक्या, पायऱ्या, माणसं. मी रोज बघत होते. हे त्या रंगवलेल्या पायरीवर पाय ठेवायला गेले आणि बुटाचं टोक भिंतीवर आपटलं. मी पोट धरून हसले. हेही हसले. शेजारून बघितलं तर हसताना ह्यांच्या गालाला खळी पडते! इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

महिन्याने नायगावला परत आलो. एका संध्याकाळी गंगुबाईच्या नातीच्या बारशाला कापड घ्यायला हिंदमात्याला निघालो. आमच्याकडचा फूटपाथ तुम्हाला ठाऊक आहे. अर्ध्यावर भाजीवाली, अर्ध्यावर मोटारसायकली, उरलेला खोदून ठेवलेला. एक माणूस आडवा होऊन जेमतेम जातो. मला मनातून फार वाईट वाटलं, पण शहाणपणाने म्हटलं, "व्हा पुढे. येते मी मागून."

हे फूटपाथवरून खाली उतरले आणि रस्त्यावरून माझ्या शेजारी चालायला लागले. एका बाजूने टेम्पो, एका बाजूने टॅक्सी, मागून बस. टॅक्सीवाला खिडकीतून ओरडला, "ओ काका, मरना है क्या?" गंगुबाई खिडकीतून बघत होती, तिचा आ वासलेलाच.

"अहो, जीव जाईल!" मी म्हटलं. "व्हा की पुढे! नाही हरवत मी."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पुढे जाऊन जाऊन आता कुठे पोचायचंय गो?" म्हणाले, आणि तसेच चालत राहिले.

मी चालायचीच थांबले, तशी भाजीवालीने विचारलं, काय झालं ताई. काय सांगणार तिला? मीही उतरले खाली, रस्त्यावर. मागच्या बसवाल्याने भोंगा दाबला तो दाबलाच. वाजव म्हटलं मेल्या, किती वाजवायचा तो वाजव.