पार्किंगमधली मॅच

अमेरिकेत नोव्हायला असताना आमच्या वरच्या मजल्यावर एक चिनी इंजिनिअर राहायचा. बायकोची झोप मोडू नये म्हणून शनिवारी सकाळी साडेसातला तो खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसायचा, कॉलिंग कार्डवरून चीनला फोन लावायचा आणि दोन तास एक अक्षरही बोलायचा नाही. मधेच उतरून गाडीभोवती एक चक्कर मारायचा, की पुन्हा आत.

एकदा न राहवून मी विचारलंच.

"मॅच आहे," तो म्हणाला. "वडील स्टेडियममध्ये फोन वर धरून उभे आहेत. गोल झाला की मी चक्कर मारतो."

टीम फुटबॉलची, त्याच्या गावची. आधी कारखान्यातले कामगार शिफ्ट संपल्यावर हौसेनं खेळायचे आणि याचे वडील गोलकीपर असायचे. आता ती देशाच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पोचली होती.

"तिसऱ्यातच ना?" मी म्हणालो. खवचटपणाच होता तो.

"हो ना!" तो खूश झाला. "गेल्या वर्षी कुठल्याच डिव्हिजनमध्ये नव्हती."

आणि त्यानं फोन माझ्या कानाला लावला. शेकडो माणसं एका सुरात ओरडत होती. माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू?

घरात आलो आणि नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला. आपल्या घरासमोरच्या मैदानावर हल्ली कोण खेळतं, विचारलं.

"तिथं तर शॉपिंग कॉम्प्लेक्स झालं ना, दादा."

"असू दे," मी म्हणालो. "तरी फोन जरा खिडकीबाहेर धर."